वॉर्डरोबमधल्या बाटल्या

पुण्याहून सासू-सासरे यायचे म्हटलं की नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात सगळ्यात आधी बाटल्या हलतात. नवरा पन्नाशीला टेकलाय, ऑफिसात अख्खी टीम सांभाळतो, पण वडिलांना आपली व्हिस्की दिसू नये म्हणून अजून लपवालपवी करतो. गेल्या समरला त्याने सगळ्या बाटल्या मुलीच्या वॉर्डरोबमध्ये, थंडीच्या कोटांमागे नेऊन ठेवल्या. तिच्या खोलीत आजी-आजोबा जात नाहीत, एवढंच त्याने पाहिलं. ती पंधरा वर्षांची आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

एका शनिवारी तिच्या मैत्रिणी स्लीपओव्हरला येणार होत्या. सकाळी चहाच्या वेळी सासऱ्यांनी नवऱ्याला समोर बसवलं.

"त्या बाटल्या तुझ्या कपाटात ठेव आणि कुलूप लाव," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "पोरीनेच मला सांगितलं. मैत्रिणींना सापडल्या आणि त्या 'घे' म्हणाल्या, तर नाही कसं म्हणायचं, याची धास्ती घेतलीय तिने."

नवऱ्याचे कान लाल झाले. "तुम्हाला दिसू नयेत म्हणून ठेवल्या होत्या, बाबा."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"अरे, माझं बिघडायचं वय कधीच गेलं. तिचं आत्ता आलंय."