दिवा न चालणारा देव

नागेशअण्णा गेल्याचं सांगायला वहिनीचा फोन आला, तेव्हा मी बेंगळुरूच्या शिवाजीनगरला बसची वाट पाहत होते. रडून झाल्यावर ती म्हणाली, "आता मंगळवारी झाडापाशी कोण बसणार गं?"

अण्णा माझे चुलतभाऊ. उभा जन्म शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेला. दुकान मुलावर सोपवून ते शहराबाहेर आनेकलला राहायला गेले आणि तिथल्या लेआउटमागे, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या वस्तीमागे, उरलेल्या रानाच्या नादी लागले. आम्ही पाच-सहा जण रविवारी जाऊन घाणेरी उपटायचो, पाखरांसाठी पाणी ठेवायचो. रानाच्या कडेला एक वठलेला शिरीष होता आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्याचं, त्या चिमुकल्या घुबडांचं, जोडपं. लेआउटवाल्यांना ते झाड पाडायचं होतं. आमच्या विनवण्यांना कुणी भीक घालेना, तेव्हा देवाधर्माशी आयुष्यभर फटकून राहिलेल्या अण्णांनी एका सकाळी खोडाला हळदकुंकू फासलं. झाड वाचलं, पण देव जरा जास्तच पावला! मंगळवारी बायका दिवे घेऊन येऊ लागल्या, कापूर जळू लागला, कुणी तर ट्यूबलाइट लावायची म्हणू लागलं. धुरामुळे पिंगळे ढोलीकडे फिरकेनात. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग तेच पुजारी होऊन बसले. "ह्या देवाला उजेड सोसत नाही अक्का, धूरही नको. वाटीभर पाणी ठेवा, सरी, बरं का? आणि स्वल्प हळू बोला." एवढं बोलताना त्यांचे कान लालबुंद व्हायचे. आम्ही त्यांना 'पुजारीअण्णा' म्हणून किती छळलं! पिंगळे परतले, पिल्लंही झाली. तरी हा माणूस धास्तावलेलाच... आपण नसलो की दिवे पेटतील, खरं कळलं तर झाडावर कुऱ्हाड पडेल.

दिवसकार्य उरकल्यावरच्या मंगळवारी मी तिथं गेले. दिवा कुठंच नव्हता. फुलं विकणारी लक्ष्मम्मा वाटीत पाणी ओतत होती. मी अण्णांच्या जागी बसले आणि मोडक्यातोडक्या कानडीत सुरुवात केली, "ह्या देवाला..."

ती हसली. "राहू दे अक्का," ती कानडीतच म्हणाली, "आत घुबडं आहेत, हे अण्णा इथं बसायला लागले तेव्हाच कळलं आम्हाला. त्यांना खोटं कुठं बोलता यायचं? पण इतक्या मायेनं सांगायचे... त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही हात जोडायचो."