मेंढरं बसून उठलेल्या रानाचा वास

रात्रभर मेंढरं बसून सकाळी उठून गेली, की मागे राहिलेल्या रानाला एक वास येतो. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, मुताचा, तुडवल्या गेलेल्या उसाच्या पाचटाचा आणि या सगळ्यांवर उतरलेल्या दवाचा तो वास पहिल्यांदा नाकाला झोंबतो. पण पाय रोवून थोडा वेळ उभं राहिलं, तर हवाहवासा वाटू लागतो. कुंडलच्या शिवारात, माघातल्या एका धुकट सकाळी, मी तो छातीभर घेतला. समोरचं रान रिकामं होतं. कळपाभोवती लावलेली जाळी गुंडाळून घोड्यावर चढली होती, तीन दगडांच्या चुलीतली राख अजून कोमट होती आणि मातीवर खुरांची दाट नक्षी उमटली होती. रिकाम्या रानाकडे बघून मन इतकं भरून यावं, असं त्या मातीत होतं तरी काय? ते सांगायचं, तर आधी मला माझ्या कामाविषयी सांगावं लागेल; आणि ते सांगताना माझा आवाज नेहमीच जरा खाली येतो.

मी मागणारा माणूस आहे. दहिवडीच्या एका लहान संस्थेत, दुसऱ्यांसाठी निधी मागण्याचे प्रस्ताव लिहिणं हे माझं काम. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, तर 'सामाजिक क्षेत्रात आहे' एवढं पुटपुटून मी जिलबीकडे लक्ष वळवतो. आमच्या संस्थेची एक पांढरी गाडी आहे. दिवाळीनंतर आमच्या दुष्काळी माण तालुक्यातले मेंढपाळ कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात आणि पाऊस लागेपर्यंत तिकडेच रानोरान फिरतात. त्यांच्या मागोमाग ही गाडी, तिच्यातला डॉक्टर, लशी आणि औषधं फिरत असतात. परमुलखात मेंढरू आजारी पडलं, की मेंढपाळाला ना ओळखीचा दवाखाना, ना ओळखीचा माणूस. अशा वेळी बांधाच्या पलीकडे धूळ उडवत येणारी ती गाडी दिसली, की बाया डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहतात. ती गाडी चालती ठेवायची, एवढंच माझ्या लेखणीचं प्रयोजन.

पण या लेखणीने मला काय करून ठेवलं आहे, ते ऐका. माणमध्ये चांगला पाऊस झाला, की मला काळजी लागते! ओढे वाहतात, माळावर गवत डुलतं, बाजरीची कणसं दाण्यांनी भरतात, माणसं एकमेकांना हसून हाका मारतात. आणि मी मात्र खिडकीशी बसून विचार करतो, की आता 'गरज' या मथळ्याखाली काय लिहू? दुष्काळ असला, की माझी वाक्यं आपोआप लांब आणि डौलदार होतात. ज्या माणसांच्या भाकरीवर मी जेवलो, त्यांच्या सुखाने ज्याची अडचण व्हावी, त्या माणसाला काय म्हणावं? हा प्रश्न मी कित्येकदा स्वतःला विचारला आहे, आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. एकदा तर घाईत मागच्या अर्जातला उतारा उचलून मी कृष्णाकाठच्या कामाच्या अर्जात जसाच्या तसा घातला आणि कुंडलला 'पाण्याच्या थेंबासाठी तहानलेलं गाव' करून टाकलं! जिथे उसाच्या सऱ्यांतून पाणी वाहतं, तिथे! वाचणाऱ्याने ते निमूट मान्य केलं. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

मग ते दिवस आले, ज्यांना आमच्या क्षेत्रात सगळे 'अनिश्चिततेचा काळ' म्हणतात. कित्येक वर्षं गाडीचा भार उचलणाऱ्या परदेशी देणगीदाराचा सौजन्यपूर्ण निरोप आला: आमचे अग्रक्रम बदलले आहेत, हा हंगाम शेवटचा. असेच निरोप साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कितीतरी संस्थांना आले होते. पुढच्या दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठी उतरतील, पण गाडी उतरणार नाही, हे उघड झालं. आमच्या डॉक्टरने संकोचत दुसरीकडे नोकरी बघायला सुरुवात केली. मी रात्रंदिवस अर्ज लिहीत सुटलो. त्यांतली करुणा इतकी गडद केली, की स्वतःचेच डोळे भरून यावेत. उत्तरं आली नाहीत.

सांगलीत प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण आहे असं कळलं, तेव्हा मी गेलो तो शिकण्याच्या ओढीने नव्हे, भीतीने. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा बाकावर बसायचं? पण सभागृहात पाहिलं, तर सगळे माझ्यासारखेच: कुणी वृद्धाश्रमाचा, कुणी कर्णबधिर मुलांच्या शाळेचा, कुणी गावच्या वाचनालयाचा, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तीच अवघडलेली नम्रता, जी फार वर्षं मागितल्याने येते. शिकवणाऱ्या वृंदाताई साठीच्या, सडसडीत, सुती साडीतल्या. त्यांनी आधीच कळवलं होतं, की ज्यांच्यासाठी लिहिता त्यांतलं एक माणूस बरोबर आणा. बहुतेकांनी आपापले सचिव आणले होते. माझ्याबरोबर बायडाक्का होत्या.

बायडाक्का आमच्या माणच्याच. त्यांचा वाडा, म्हणजे नातलगांच्या कळपांचा फिरता तळ, तेव्हा कुंडलजवळ उतरला होता. लेकाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या आल्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर अशा बसल्या, की सभागृह त्यांच्याच मालकीचं वाटावं.

वृंदाताईंनी मला उभं केलं. आक्कांकडे बघून पहिलं पान वाचा, म्हणाल्या. मी घसा साफ केला. पान माझ्या आवडीचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या भटकंतीचा शाप भोगणारा, निराधार, अगतिक समाज. डोळ्यांत आसवं आणि पायांत काटे घेऊन चालणारी माणसं. उद्याच्या अंधाराकडे शून्य नजरेने पाहणाऱ्या स्त्रिया. माझा आवाज योग्य त्या जागी कापला. वाचून मान वर केली, तर बायडाक्कांचा चेहरा खरोखरच गलबलला होता. त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "आवं दादा, कुठल्या गावची वं ही माणसं? लयच वाईट झालं बगा त्येंचं. त्येंच्यासाठी कायतरी कराया पायजे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मीही हसलो, पण पायांखालची फरशी गार लागत होती. त्या थट्टा करत नव्हत्या! माझ्या साऱ्या शब्दवैभवात त्यांना स्वतःचं नखसुद्धा दिसलं नव्हतं. ही माणसं तुम्हीच, असं मी खालच्या आवाजात सांगितलं, तेव्हा त्यांनी हनुवटीला बोट लावलं. "आमी? आमी कवा रडलो? काटा मोडला तर बसून काढतो की. आन नजर शून्य ठिवली तर लांडगा कोकरू न्हील न्हवं?"

मग काय लिहू, ते तुम्हीच सांगा, असं मी म्हणालो. त्या सरसावून बसल्या. "लिवा, आमच्यावाणी मेंढरं दुनियेत न्हाईत. लिवा, आमच्या कुत्र्याला वाघ भितो. आन लिवा, आमाला कुनाचं काय बी नको." वृंदाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो आक्का, काहीच नको, तर देणारा कशाला देईल?" "ते बी खरंच," असं म्हणून बायडाक्का स्वतःच खळाळून हसल्या. रडगाणं आणि फुशारकी यांच्यामधून एक अरुंद बांध जातो, दोन्ही पावलं जपून टाकावी लागतात, असं वृंदाताई म्हणाल्या. तो बांध कुठून सुरू होतो, हे मात्र तुमचं तुम्हांलाच शोधायचं आहे. मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलं, की कळलं असं वाटण्याची मला जुनी सवय आहे.

त्या संध्याकाळी मी बायडाक्कांच्या वाड्यावर मुक्कामाला गेलो. ऊस तुटून गेलेल्या एका रानाच्या कडेला त्यांची आणि रानाच्या मालकाची बोलणी चालली होती. मालक म्हणजे जयसिंग सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे, पांढऱ्या मिशांचे. मेंढरं रानात रात्री बसवायची, त्यांच्या खताने रान सुधारायचं आणि त्या बदल्यात वाड्याला धान्य द्यायचं, ही कृष्णाकाठची जुनी रीत. मी ती हजारदा पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"दोन राती बास," सुभेदार म्हणाले. "दोन रातीत मेंढरू निस्तं रान हुंगतंय, सुभेदार," बायडाक्का म्हणाल्या. "चार तरी बसवा." "पलीकडचा वाडा निम्म्या धान्यात बसतोय, आक्का." "मग बसवा की. फकस्त त्येंच्या मेंढरांच्या बरगड्या बगून घ्या. जे पोटातच न्हाई, ते रानात कुठनं पडंल?" सुभेदारांच्या मिशा हलल्या. बायडाक्का तोवर रानात शिरल्या होत्या. एक ढेकूळ उचलून त्यांनी तळहातावर फोडलं. "हितं पानी तुंबतंय. हितं एक रात जादा लागंल. फुडल्या साली उसाचं कांडं हातभर न्हाई झालं, तर या माणला, शिव्या द्यायला. च्या पाजीन." "तुझ्या च्यासाठी तेवढ्या लांब कोण येतंय?" असं म्हणत सुभेदारांनी मान डोलावली. सौदा ठरला.

मी बांधावर उभा होतो आणि मला कानकोंडं झालं होतं. या बाईंच्या घरात पीठ किती उरलं आहे, पायांत काटे किती आहेत, याचा उच्चारसुद्धा त्यांनी केला नाही. त्या सुभेदारांच्या मातीविषयी बोलल्या. त्यांच्या मागण्यात सुभेदारांच्या पुढच्या उसाचं हिरवं स्वप्न होतं, आणि त्यामागे स्वतःच्या कळपावरचा निःशंक विश्वास होता. मान खाली न घालता मागता येतं! किंबहुना, आपल्यापाशी देण्यासारखं काही आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नीट मागता येतं. मग मी इतकी वर्षं कुणाच्या वतीने हात पसरत होतो?

चहाच्या वेळी धीर करून मी सुभेदारांना म्हणालो, "साहेब, हा अत्यंत उपेक्षित समाज..." बायडाक्का मोठ्याने खाकरल्या. मी थांबलो. शब्द शोधले; फार साधे सापडले. तुमच्या रानात बसणारं मेंढरू निरोगी असेल, तरच तुमचं रान सुधारेल. त्या मेंढरांना आमची गाडी बघते. ती गाडी पुढच्या दिवाळीनंतर येणार नाही; मुंबई-दिल्लीपासून परदेशापर्यंत मागून झालं. एवढंच बोललो. सुभेदारांनी कप खाली ठेवला. "मग इतकी वर्सं आमाला का न्हाई सांगितलं?" ते बोटांवर मोजू लागले. "मुंबई झाली, दिल्ली झाली, परदेश झाला. कुंडलला यायला एस्टी न्हवती व्हय, गड्या?"

एस्टी होती. रोज होती. मीच कधी विचार केला नव्हता, की देणारा इतका जवळ असू शकतो. दुःख जितकं लांबच्या माणसाला सांगावं, तितकं ते मोठं करून सांगता येतं. जवळच्या माणसासमोर खरंच सांगावं लागतं. मी दूरची दारं निवडली, ती कदाचित म्हणूनच. ठरलेल्या राती संपेपर्यंत मी वाड्यावरच राहिलो. शेवटच्या पहाटे वाडा हलला, पुढच्या रानाकडे गेला, आणि त्या रिकाम्या, गंधभारल्या मातीत मी एकटा उभा राहिलो. तोच तो वास, जो मी सुरुवातीला सांगितला.

पुढचं सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. तसं लिहिण्याची सवय मोडायचा प्रयत्न चालू आहे. पण सुभेदारांनी शेजाऱ्यांना देवळाच्या कट्ट्यावर बोलावलं. कळप बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यांनी गाडीचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार आपसांत वाटून घेतला. गाडीच्या आणि डॉक्टरच्या मुक्कामाला सुभेदारांची शेड मिळाली. आमचा डॉक्टर म्हणाला, "एक वर्ष थांबतो; त्यांनी हात घातलाय, तर मी काढून कसा घेऊ?" औषधं आणि डॉक्टरचं मानधन अजून उभं करायचं आहे. त्यासाठी एक अर्ज नव्याने लिहिला आहे, एकाऐवजी कितीतरी ठिकाणी धाडला आहे. कारण एकाच रानावर बारमाही कुठला वाडा जगतो? उत्तरं यायची आहेत. पण येत्या दिवाळीनंतर गाडी घाट उतरणार, हे ठरलं आहे.

धाडण्याआधी तो अर्ज मी बायडाक्कांना त्यांच्या अंगणात वाचून दाखवला. यंदा माणला ओढे भरून वाहिले आहेत. पहिल्याच ओळीत मी ते लिहिलं आहे: 'या वर्षी आमच्याकडे पाऊस चांगला झाला, मेंढरं धडधाकट आहेत, ती तशीच राहावीत, म्हणून आम्ही लिहीत आहोत.' लिहिताना जुनी वाक्यं हाताशी आली होती, नाही असं नाही. बायडाक्का कोकराच्या पायात अडकलेला गोखरू काढत ऐकत होत्या. वाचून झालं, तोवर गोखरू निघाला. मग काटा उडवून देत म्हणाल्या, "हां. ही आमीच हाय."

त्यांच्या अंगणातून निघालो, तेव्हा कोंडवाड्याकडून वारा आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा तोच वास, अजून रानात न उतरलेला. मी पाय रोवून थोडा वेळ उभा राहिलो.