धनेशाच्या चोचीतलं फळ

जबलपुरात, चेरीताल भागातल्या आमच्या घरात, जेवायच्या खोलीत, एका पक्ष्याचं चित्र होतं. राखी धनेश. वडाच्या फांदीवर बसलेला, मोठी वाकडी चोच, आणि चोचीच्या अगदी टोकाला धरलेलं एक लाल फळ. बाबा जंगल खात्यात कारकून होते. कुंडमला असताना त्यांच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना साहेबांनी जे कपाट रिकामं केलं, त्यात एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं हे सुटं पान निघालं. बाबांनी ते मागून घेतलं. कोणाच्या तरी लग्नात मिळालेल्या फ्रेममधली सिनरी काढली आणि तिथे हा पक्षी बसवला.

ताई आणि मी जेवताना त्या फळावरून भांडायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं म्हणणं, तो आता फळ गिळणार. माझं म्हणणं, गिळायचं असतं तर एव्हाना गिळलं असतं, तो कोणासाठी तरी घेऊन चाललाय.

"कोणासाठी? दिसून राहिलं का तिथं कोणी?" ताई विचारायची.

खरंच कोणी दिसत नव्हतं. फांदीच्या खाली फ्रेमच संपायची. मग मी बाबांकडे बघायचे. बाबा वरणभात कालवत म्हणायचे, "पाहत राहा." आई म्हणायची, पक्षी राहू द्या, आधी ताटं रिकामी करा.

या भांडणात आम्ही दोघी मोठ्या झालो. लग्नं झाली, ताई शहपुऱ्याला दिली, मी जबलपुरातच राहिले. माहेरी जमलो की कोणीतरी विषय काढायचंच. आई गेली, मग बाबा गेले, आणि चेरीतालचं घर विकायचं ठरलं. भांडी वाटली, आईच्या साड्या वाटल्या, एका शब्दाने वाद झाला नाही. शेवटच्या दिवशी किल्ली द्यायला गेले, तर जेवायच्या खोलीच्या भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला होता. ताई आदल्या दिवशी येऊन चित्र घेऊन गेली होती.

मी फोन केला. ती म्हणाली, "तू नेलं असतं तर मी काही बोलली असती का?" मी म्हटलं, बोललीच असतीस. तिथून जे सुरू झालं ते तिच्या सासूपर्यंत आणि माझ्या नोकरीपर्यंत गेलं. त्यानंतर आम्ही फक्त लग्नाकार्यात भेटायचो, तेही पंगतीच्या दोन टोकांना बसून. शहपुरा काही सातासमुद्रापार नाही, बसने तासाभराचा रस्ता. पण मी गेले नाही आणि ती आली नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मात्र जेवायला बसले की समोरची भिंत खुपायला लागली. मला धनेश हवा होता. अगदी तोच. आणि तो ताईच्या दारात न जाता हवा होता.

माझ्याकडे पुरावा म्हणून होता माझ्या साखरपुड्याचा एक फोटो. त्यात मामांच्या डोक्यामागे चित्र दिसतं. तो घेऊन मी एका छपाईच्या दुकानात गेले. तिथे वाढदिवसांचे आणि पुढाऱ्यांचे फ्लेक्स छापतात. दुकानदाराने फोटो मोठा करून दाखवला तर पडद्यावर निम्मा धनेश आणि निम्मा मामांचा कान. "दीदी, इससे अच्छा तो मेरे पास तोता है, एकदम एचडी," तो म्हणाला. मी त्याला असं काही पाहिलं की त्याने तो तोता पुन्हा दाखवला नाही.

मग मी स्वतःच कॉम्प्युटरवर शोधायला बसले. विकत मिळणारे धनेश खूप होते, पण कोणाची चोच पिवळी, कोणाच्या डोक्यावर भलं मोठं शिंग, आणि सगळे इतके तुकतुकीत की जणू आत्ताच पार्लरमधून उठून आलेत. नवरा म्हणाला, त्यातलाच एखादा घेऊन टाक ना. त्याला वाटतं पक्षी म्हणजे पक्षी. बऱ्याच दिवसांनी कळलं की परदेशातली मोठी ग्रंथालयं आपली जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन करून ठेवतात आणि ज्यांचे हक्क संपलेत ती कोणालाही फुकट घेऊ देतात. फक्त पुस्तकाचं नाव माहीत हवं. ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवरची जुनी पुस्तकं एकेक उघडत गेले. दुपारी जेवण आटोपलं की बसायचं आणि दिवेलागणीपर्यंत पानं उलटायची. किती सुंदर चित्रं होती ती. गवतातला माळढोक, चिखलात उभा करकोचा, पिसाची एकेक रेघ हाताने काढलेली. ज्यांनी काढली त्यांतल्या कित्येकांची नावंही खाली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

एका दुपारी धनेश सापडला. मोठी फाईल मागवली. माझा जुना लॅपटॉप धापा टाकत ते पान वरून खाली पट्टी पट्टीने दाखवू लागला. आधी वडाची पानं आली, मग डोळा, मग चोच आणि ते लाल फळ. तोच होता! मी एकटीच मोठ्याने ओरडले. मग फांदी आली, शेपूट आली, आणि आता चित्र संपेल म्हणून मी चष्मा काढला, तर ते संपेना. फांदीखाली झाडाचं खोड आलं. खोडात एक ढोली, ढोलीचं तोंड मातीने लिंपून बंद केलेलं, मधे एक उभी फट. आणि त्या फटीतून बाहेर आलेलं एका चोचीचं टोक.

ढोलीत मादी होती. धनेशाची मादी अंडी घालायला स्वतःला असं कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून फळं आणून भरवतो. हे मी कधीतरी वाचलंही होतं. पण आमच्या धनेशाशी त्याचा संबंध जोडायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही, कारण आमच्या चित्रात फांदीखाली काहीच नव्हतं.

म्हणजे मी जिंकले होते. लहानपणापासूनचं भांडण मी जिंकले होते. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अच्छा," आणि क्रिकेटकडे वळला. मी फाईल घेऊन त्याच दुकानात गेले, जाड, बिनचमकीच्या कागदावर छापून घेतलं. "पीलापन निकाल दूँ, दीदी?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. घरी आणून भिंतीवर लावलं, समोर जेवायला बसले, आणि अर्ध्या ताटावरून उठले. मी जिंकले हे ज्या माणसाला सांगायचं, ते जगात एकच होतं आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते.

आठवडाभर दम धरला. मग चित्र उतरवलं, गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत घातलं आणि शहपुऱ्याची बस पकडली. खोटं कशाला बोलू, समेट करायला नाही, मिरवायला निघाले होते.

ताईने दार उघडलं. "आली काय," म्हणाली. ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. तिच्याकडेही धनेश जेवायच्या जागीच लावलेला होता. मी चहाला थांबले नाही, टेबलावर माझी गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

ताई पुष्कळ वेळ वाकून पाहत होती. मग म्हणाली, "हे काहीही बनवतात आजकाल कॉम्प्युटरवर."

माझं डोकंच फिरलं. "मी बनवून आणलं? मग उघड तुझी फ्रेम!"

"बाबांनी ठोकलेले खिळे आहेत ते. मी नाही काढू देणार."

"बाबांनी कधी काही कापलेलं आठवतं तुला?"

बाबांना कात्रीचा रागच होता. पँट लांब झाली तर आत दुमडायचे. ताईचे फ्रॉक माझ्या अंगावर आले तेही खालून चार बोटं दुमडून, आणि उंची वाढली की आई ती शिवण उसवायची. कपड्यांना जो माणूस कात्री लावत नव्हता, तो चित्राला लावेल? फ्रेम लहान पडली म्हणून?

ताई आत जाऊन पक्कड घेऊन आली. खिळे तिनेच काढले, मला हात लावू दिला नाही. मागचा पुठ्ठा उचलला, तर कागदाचा खालचा भाग नीट दुमडून मागे घातलेला. तिने तो दोन बोटांनी हळूच उलगडला. वरचा धनेश इतक्या वर्षांच्या उजेडाने विटून गेला होता. खालचं खोड, ढोली आणि ती चोच मात्र काल रंगवल्यासारखी ताजी होती.

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. रोज जेवताना आम्हाला भांडू देत होते आणि 'पाहत राहा' म्हणत होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांची इतकी आठवण आली की मी खुर्चीत बसले.

"तुझंच बरोबर होतं," ताई म्हणाली. एवढं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल. मला वाटलं होतं, त्या क्षणी फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती त्या फटीतल्या चोचीकडेच बघत होती.

"मग इतके दिवस आली काहून नाही?"

"अगं, मला तरी मागच्याच आठवड्यात सापडलं."

"मी चित्राचं नाही विचारून राहिली," ताई म्हणाली.