संगीताची शिक्षा

आमच्या म्युझिक डिपार्टमेंटमध्ये तंबोरे कमी आणि किस्से जास्त. तंबोरा निदान गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवता येतो, किस्सा ठेवता येत नाही. देवासला एम.ए. करताना रियाझ किती झाला ते सर जाणोत, पण कॉलेजबाहेरच्या ठेल्यावर पोहे खाताना आम्ही जे हसलोय, त्याला तोड नाही!

वर्गात मी देवासची, ऋचा धारची आणि लोकेश सोनकच्छचा. पहिल्याच दिवशी सरांनी लोकेशला विचारलं, "रचना शिकायला का आलास?"

तो म्हणाला, "सर, धुन तो मैं भजन मंडली के लिए रोज बना लेता हूँ. बस, लिखना नहीं आता."

सर खूश! "अरे वा! मला लिहिता उत्तम येतं, सुचत काही नाही. बस इथेच!"

*

ऋचाच्या घरी मराठी बोलतात, पण शाळा हिंदी. त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी कधी घुसते, तिचं तिलाच कळत नाही. धारला मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आमचं गाणं होतं. निवेदन ऋचाकडे. समोर सगळे आजी-आजोबा. ही माइकवर ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमच्या सरांनी आम्हाला मनापासून संगीताची शिक्षा दिली!"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हो! पण समोर बसलेले सगळे जुने मराठी.

मागून एक आजोबा ओरडले, "आणि आता तुम्ही आम्हाला देणार!"

*

माझाही एक ऐका. घरी एक बंदिश रचण्याचं काम सरांनी दिलं होतं. मला अंघोळ करताना एकदम सुचली. यमनमधली, झकास! मी वर्गात अशी काही ऐटीत गायले की विचारू नका. सर डोळे मिटून ऐकत होते.

"छान आहे," सर म्हणाले.

"खरंच, सर?"

"हो, पहिल्यापासून छानच आहे. माझ्या गुरुजींनी केली तेव्हाही छानच होती."

सरांनीच ती आम्हाला मागच्या वर्षी शिकवली होती म्हणे!

*

पाश्चात्त्य संगीत शिकवायला इंदूरहून एक मॅडम यायच्या. एकदा त्यांनी 'कॅनन' समजावला. म्हणजे एकानं चाल सुरू करायची, आणि दुसऱ्यानं थोडं थांबून तीच चाल मागून गात यायचं.

"समजलं?" मॅडमनी विचारलं.

लोकेश म्हणाला, "मैडम, ये तो हमारे घर में रोज होता है. मम्मी जो बोलती है, पापा थोड़ी देर बाद वही बोलते हैं."

मॅडमचा खडू खाली पडला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडेही."

*

हे पापा म्हणजे सोनकच्छच्या मंडीत धान्याचा लिलाव पुकारणारे. आवाज असा की बसस्टँडवरचा माणूस वळून बघेल! पण पोरगा गाणं शिकतोय हे सांगायची त्यांना भारी लाज. मंडीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "छोरो देवास में बी.कॉम. कर रियो हे." लोकेश हे सांगताना हसायचा, पण लगेच विषय बदलायचा.

शेवटच्या परीक्षेला स्वतःची रचना सादर करायची होती. लोकेशनं तराणा बांधला. तराण्यात अर्थाचे शब्द नसतात, नुसते बोल. चाल मात्र अशी की खालून सुरू होऊन एकेक पायरी चढत जायची, आणि वर पोचली की शेवटचा सूर लांब फेकायचा. मी आणि ऋचा गाणार, तो पेटीवर.

"कुठून सुचलं रे?" आम्ही विचारलं.

"घर से," एवढंच म्हणाला. सोनकच्छच्या मंडीतला लिलाव ऐकलेल्या कुणीही ती चाल ओळखली असती. आम्ही ऐकला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी पापा ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला देवासला आले होते. पोराला डबा द्यायला म्हणून हॉलमध्ये डोकावले, तर सरांनी हात धरून मागच्या खुर्चीवर बसवलं. लोकेशचा चेहरा पांढरा पडला!

आम्ही सुरुवात केली. पापा आधी मोबाइल बघत होते. चाल वर चढायला लागली तसा मोबाइल खिशात गेला. शेवटचा सूर आम्ही फेकला तेव्हा ते उभे होते, आणि त्यांचा एक हात वर गेलेला होता.

बाहेरून आलेले परीक्षक कडक. पेन खाली ठेवून त्यांनी लोकेशकडे रोखून पाहिलं. "चीज अच्छी है. पर ये तुम्हारी नहीं लगती. सच बताओ, किसकी है?"

दुसऱ्याची निघाली तर सरळ नापास. लोकेशनं मान खाली घातली. सर पुढे झाले, पण त्याआधीच मागून मंडीतला तो आवाज आला.

"म्हारी हे, साब!"

परीक्षक चष्मा काढून मागे वळले. "आप कौन?"

"बाप हूँ इको."