धाकटीच्या घराचा पाया

लोक तिला राखवाली बाई म्हणायचे. तिचं आयुष्य गेलं ज्वालामुखीच्या डोंगराभोवती खड्डे खणण्यात आणि खड्ड्याच्या भिंती खुरप्याने तासून राखेचे थर बघण्यात. कण केवढे, थर किती जाड, यावरून डोंगराने मागे केव्हा आणि किती थैमान घातलं ते ती सांगायची. पुढे केव्हा, ते तिलाच काय, कोणालाच सांगता यायचं नाही.

धाकट्या बहिणीने नेमकी पायथ्याशी जागा घेतली, तेव्हाच हिने कपाळाला हात लावला होता. पाया खणून झाल्यावर धाकटीने हौसेने बोलावलं. खोड जाते थोडीच! बाई उतरली चरात आणि लागली तासायला. मातीखाली करडी राख, गुडघाभर जाड, तळाशी वाटाण्याएवढे खडे. आणि त्याखाली चूल. तीन दगड, काजळीसकट.

"इथे घर होतं गं," ती म्हणाली. "सगळं गाडलं गेलं."

"म्हणजे जागा राहण्यासारखी आहे की!" धाकटी हसली.

"चेष्टा नको. हा डोंगर पुन्हा पेटणार."

"कधी?"

झालं! घोडं दरवेळी इथेच अडायचं. 'पुढच्या वर्षी' असं ठोकून दिलं असतं, तर धाकटी आजच पळाली असती. शब्द ओठावर आलेही. पण जन्मभर अंदाजाला अंदाजच म्हणणाऱ्या बाईची जीभ रेटेना.

"उद्या. नाहीतर तुझ्या पणतवंडांच्याही नंतर. नाही सांगता येत."

"मग तोवर आम्ही काय झाडाखाली राहायचं, ताई? भाड्याच्या खोल्यांत केस पांढरे झाले माझे."

खरंच होतं ते.

गवंडी मात्र खूश. ही राख चुन्यात पडली की भिंत दगडासारखी होते म्हणे. फावड्याने ओढून त्याने ती मालात कालवलीसुद्धा. तेवढ्यात भाचीने हात धरून ओढलं.

"मावशी, ही माझी खोली! खिडकीतून अख्खा डोंगर दिसणार."

"खिडकी पलीकडून घ्या ना गं," ती कशीबशी म्हणाली.

"पलीकडे काय, शेजाऱ्यांची भिंत?"

खुरपं होतं बाईच्या हातात, पण त्याचा काय उपयोग! गवंड्याने चुलीचे तिन्ही दगड उपटले आणि भाचीच्या खोलीखाली पायाच्या चरात बसवले. धाकटीने थापी पुढे केली.

"पहिला माल तुझ्या हातचा, ताई. तुझीच तर राख."

धाकटीचा चेहरा कसा फुलला होता! बाईने थापी घेतली आणि काजळी झाकेपर्यंत माल लावला.