डालग्याखालची गौर

आमच्या भावकीत गौरीला गाळात पुरणारा मी पहिलाच माणूस. देवाच्या कृपेने शेवटचाही मीच असेन, कारण त्यानंतर सणासुदीला ट्रॅक्टरची चावी माझ्या हाताला लागणार नाही, अशी व्यवस्था आईने कायमची करून ठेवली आहे. (चावी तांदळाच्या कणगीत असते, हे मला माहीत आहे. मला माहीत आहे, हे आईला माहीत नाही. तेवढाच माझा विजय!)

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, नदीकाठी. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी बैलजोडी विकून एक मिनी ट्रॅक्टर घेतला होता. रंगाने लालभडक आणि इतका बुटका, की त्यावर बसलेला माणूस लांबून पाटावर जेवायला बसल्यासारखा दिसायचा. शेतातले उंचवटे सपाट करायला म्हणून दादांनी खोपोलीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्याला पुढे जाड पत्र्याचं ब्लेड बसवून घेतलं. मापं दादांनी स्वतः दिली होती, हातवारे करून. त्यामुळे ब्लेड ट्रॅक्टरपेक्षा रुंद झालं आणि उंचही. ते वर-खाली करायला उजव्या हाताशी एक लांब दांडा होता. खाली करायला बोट पुरायचं, वर उचलायला मात्र दादांचाच खांदा लागायचा. मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. दिवसभरात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे नट-बोल्टचा डबा.

आता वनिताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. वनिता माझी बायको, माहेर खालापूरचं. आमच्याकडे नवी सून गौरीपुढे ओवसा भरते. माहेरहून सुपं येतात, त्यांत पानं, फळं, काकडी, नारळ मांडायचे, गौरीला ओवाळायचं, मग ती सुपं घरातल्या मोठ्यांना देऊन पाया पडायचं. पण पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी भरत नाही. गौरीला पूर्वा नक्षत्र लागलं तरच. आमच्या लग्नाला दोन गौरी उलटून गेल्या आणि पूर्वा काही लागली नाही. भावकीतल्या जावा सुपं मिरवत जायच्या आणि वनिता दारात उभी राहून बघायची. बोलायची काहीच नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ हमखास जास्त पडायचं. तिसऱ्या वर्षी एकदाची पूर्वा लागली. माझ्या सासऱ्यांनी महिनाभर आधीच सुपं विणायला टाकली.

आणि गणपती बसल्यावर दुसऱ्याच दिवशी नदीला पूर आला.

पाणी ओटीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं, गणपतीचं दर्शन बाहेरूनच घेतलं आणि माघारी गेलं. जाताना सगळं अंगण गुडघाभर गाळाने भरून ठेवून गेलं. गौरीच्या दिवशी सकाळी बघतो तर अंगण कुठं आणि नदी कुठं, काही कळेना. गौर येणार ती याच अंगणातून, दिवे लागायच्या आत. विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढायची आणि त्या पावलांवरून तिला घरात आणायची. गाळावर पीठ काय टिकणार! मदतीला कुणाला बोलवावं, तर ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याचा त्याचा गाळ. मी ट्रॅक्टर फिरवतो, असं म्हणत दादा ओटीवरून उतरले आणि पहिल्याच पायरीवर घसरून त्यांनी पाय मुरगाळून घेतला. आईने त्यांना हळद लावून ओटीवर बसवलं.

वनिता झाडू घेऊन त्या गाळाकडे बघत उभी होती. डोळे भरले होते. तिला असं बघून मला राहवलं नाही.

"मी काढतो," मी म्हणालो.

वनिताने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं. त्या एका नजरेवर मी डोंगरही ढकलला असता. दादांनी चावी दिली, पण देताना दोन वेळा मागे घेतली. आईने बजावलं की काहीही कर, विहिरीकडच्या कोपऱ्याला जाऊ नकोस. मी मान डोलावली. का जाऊ नकोस, ते मात्र विचारलं नाही. (ट्रॅक्टरवर बसलेला पुरुष प्रश्न विचारत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.) मला वाटलं, विहिरीच्या कठड्याला धक्का लागेल म्हणून म्हातारी घाबरते.

पहिली खेप अशी सुरेख गेली, की मला नोकरी सोडावीशी वाटली. ब्लेडपुढे गाळ मऊ पिठल्यासारखा गुंडाळत जायचा आणि मागे आमची जुनी, ओळखीची जमीन उघडी पडायची. वनिता ओटीवरून हसत होती. दादा काठी उंचावून सूचना देत होते, पण इंजिनाच्या आवाजात मला त्या शाबासकीसारख्या वाटत होत्या. मी एक हात सोडून त्यांना नमस्कारही केला.

अडचण एवढीच होती, की ढकललेला गाळ ठेवायचा कुठे? उजवीकडे गोठा, डावीकडे शेजाऱ्यांचं दार, समोर रस्ता. उरला विहिरीकडचा कोपरा. कठड्याला धक्का लागणार नाही एवढी काळजी घेतली, म्हणजे आईचं म्हणणं पाळल्यासारखंच होतं. त्या कोपऱ्यात एक डालगं पालथं पडलं होतं, कोंबड्या झाकायला वापरतात ते बांबूचं. वर दगड. पुरात कुठून तरी वाहत आलं असणार, असा मी अंदाज केला. डालगं वाहत आलं हे एक वेळ ठीक, पण त्याच्यावर दगड कसा वाहत आला, हा विचार मला शिवलाही नाही. मी डालग्यासकट कोपरा भरून टाकला. एकावर एक अकरा खेपा टाकल्या. शेवटी तिथे छातीएवढा ढिगारा उभा राहिला आणि अंगण ताटासारखं लख्ख झालं.

आई मागच्या दारी पुरणाच्या धांदलीत होती. ती बाहेर आली तेव्हा मी ट्रॅक्टर बंद करून कमरेवर हात ठेवून उभा होतो. तिने अंगण पाहिलं, खूश झाली, वनिताला सडा घालायला सांगितलं. मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

"डालगं कुठं हाय रं?"

"ते होय? गेलं गाळात. कचराच होता."

आई मटकन पायरीवर बसली. "आरं, गौर होती त्याच्याखाली."

गौर म्हणजे आमच्याकडे मुखवटा नाही. गौर म्हणजे तेरडा, मुळासकट उपटून आणलेला, फुललेला. दरवर्षी बायका तो नदीकाठावरून आणतात. त्या वर्षी नदीकाठचा सगळा तेरडा पुराने धुऊन नेला होता. गावात उरला होता तो एकच झुपका, आमच्या विहिरीला लागून, उंचवट्यावर. पहाटे उठून आईने शेळ्या-कोंबड्यांनी तोंड लावू नये म्हणून त्यावर डालगं झाकलं, वर दगड ठेवला आणि मला बजावलं. आणि मी त्यावर अकरा खेपा टाकल्या!

वनिताच्या हातातली सड्याची बादली तशीच राहिली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आता परत पूर्वा कधी लागंल, कोन जाने."

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी शहाणा माणूस जे करणार नाही, तेच मी केलं. पुन्हा ट्रॅक्टरवर बसलो. ट्रॅक्टरने ढकललं ते ट्रॅक्टरनेच मागे ओढू, असा माझा हिशेब. ब्लेड फक्त ढकलतं, ओढत नाही, हे मला ढिगाऱ्याला भिडल्यावर कळलं. ते वर उचलायला गेलो तर दांडा जागचा हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळलो, तेव्हा माझाच पाय क्लचवरून सुटला. ट्रॅक्टरने गचका देऊन नाक ढिगाऱ्यात खुपसलं आणि तो तिथेच बंद पडला. मी सीटवरून पुढे फेकला गेलो आणि गाळात कमरेपर्यंत उभा रुतलो.

नेमका त्याच वेळी दारात टेंपो थांबला. सासरे उतरले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, हातात लाल-पिवळ्या कागदांनी मढवलेली पाच सुपं. त्यांनी लख्ख अंगण पाहिलं, रडवेली मुलगी पाहिली, ओटीवर पाय बांधून बसलेले व्याही पाहिले आणि शेवटी ढिगाऱ्यात उगवलेला जावई पाहिला.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "तुमी तिकडं काय करताव?"

दादांनीच ओटीवरून सगळी हकीकत सांगितली, माझी बाजू जराही न घेता. सासऱ्यांनी सुपं आईच्या हातात दिली, धोतर खोचलं आणि सरळ गाळात उतरले. फावडं नको, तेरडा तुटंल, हातानंच काढा, म्हणाले. मग वनिता उतरली, टेंपोवाला उतरला, शेजारच्या दोन काकू आपापला गाळ टाकून आल्या. आई तर कधीच गुडघ्यावर बसून ओंजळी भरत होती. बघतो तर दादाही मुरगाळलेला पाय ओढत आले आणि माझ्या शेजारी बसून गाळ उपसायला लागले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते एवढंच म्हणाले, "पयली खेप झ्याक मारलीस." दादांनी माझ्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते ऐकायला मला गौर पुरावी लागली.

ओंजळीने उपसलेला गाळ जो तो मागे भिरकावत होता. लख्ख केलेल्या अंगणाची तासाभरात वाट लागली. सूर्य डोंगराआड झुकायला लागला, तेव्हा वनिताच्या बोटांना बांबू लागला. डालगं एका अंगाने चेपलं होतं, पण मोडलं नव्हतं. तिने ते हलकेच उचललं. खाली तेरडा एका कुशीवर निजल्यासारखा पडला होता. पानं मळलेली, देठ वाकलेले, आणि गुलाबी फुलं जशीच्या तशी. वनिता हसता हसता रडायला लागली. तिला तसं बघून मीही रडलो. तोंडावर गाळ असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

आईने तेरडा विहिरीच्या पाण्याने धुतला आणि वनिताच्या हातात दिला. पुन्हा सडा घालायला, पावलं काढायला वेळच नव्हता. वनिता म्हणाली, आता पावलांचं काय? आईने अंगणाकडे बघितलं. सगळीकडे आमच्या आठ जणांच्या चिखलाच्या पावलांचा खच पडला होता, त्यातली बरीचशी घराकडेच तोंड करून होती.

"उमटल्यात की," आई म्हणाली. "चल."

उंबऱ्यावर रिवाजाप्रमाणे आतून काकूंनी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली," वनिता म्हणाली. नखशिखांत गाळाने भरलेली, पण आवाज असा की सगळ्या आळीला ऐकू जावा.

"आनि ट्रॅक्टरच्या चाकानं," मागून दादांनी भर घातली. काकूंना हसू आवरेना आणि गौर तशीच उंबऱ्यावर तिष्ठत राहिली.

दुसऱ्या दिवशी वनिताने ओवसा भरला. पहिलं सूप दादांना दिलं. दादांनी ते मांडीवर घेतलं आणि बराच वेळ कुणाच्या हातात दिलंच नाही. आज दादा नाहीत. ट्रॅक्टर आहे, ब्लेडही आहे, पण दांडा उचलणारा खांदा राहिला नाही. गौरीचे दिवस आले की मला ती संध्याकाळ आठवते, चिखलात शेजारी बसलेले दादा आठवतात आणि त्यांची फार आठवण येते.

गोष्ट तिथेच संपायला हवी होती, पण संपली नाही. आम्ही ओंजळी-ओंजळीने भिरकावलेल्या त्या गाळात पुराने कुठून कुठून आणलेलं बी होतं, आणि आमच्या झुपक्याचंही असणार. पुढच्या पावसाळ्यात विहिरीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून ओटीपर्यंत नुसता तेरडा माजला. पाय ठेवायला जागा उरली नाही. नदीकाठी तेरडा पुन्हा तेवढा आलाच नाही, त्यामुळे आता आख्ख्या गावाच्या बायका गौर न्यायला आमच्या अंगणात येतात. वनिता त्यांना झुपके काढून देते आणि ही गौर आमच्या ह्यांनी लावली, असं अगदी अभिमानाने सांगते. मी मान खाली घालून ऐकून घेतो. काही झालं तरी शेतकऱ्याच्या पोटी जन्मून, ट्रॅक्टरवर बसून मी उभ्या आयुष्यात घेतलेलं ते एकुलतं एक पीक आहे.