पायाची बोटं

भरवेलीच्या खाणीवरल्या दवाखान्यातला तो ड्रेसर मला कितीदा तरी भेटला, पण नाव मी कधी विचारलं नाही. टाके घालण्याआधी तो बधिर करायच्या औषधात भिजवलेला कापूस जखमेवर ठेवी आणि खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहत बसे. मग सुई हळूच टेकवून विचारी, "दुखते काय?" कामावर परतायची घाई असलेला मजूर "नाही" म्हणे. ड्रेसर त्याच्या तोंडाकडे बघतच नसे. तो पायाची बोटं बघे. ती आखडली की सुई परत ताटलीत.

मी बी.ए. झालो त्या वर्षी मँगनीजच्या दगडानं मायचा हात फाटला. ड्रेसरची खोड तिला ठाऊक होती. लुगड्यात पाय दडवून ती म्हणाली, "शिवून टाक भाऊ, मले सवय हाय."

"सवय सांगू नोको, माय. पाय दाखव."

तिनं लाजत पाय बाहेर काढले. सुई टेकली, बोटं आखडली. त्यानं नवा कापूस ठेवला आणि पुन्हा चिंचेकडे पाहू लागला. आम्हीही पाहू लागलो. उन्हात पानं हलत होती. मायचं दुखणं थांबावं म्हणून कुणी असं बसून राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी स्वतःही कधी बसलो नव्हतो.

मायला डुलकी लागली. त्यानं सुई पुन्हा टेकवली; बोटं सैलच राहिली.

"आता," तो हळूच म्हणाला.